बुजवलेला डोळा

रविवार, ४ जुलै १९९९. पेण

आलो एकदाचा! पलंग, स्टोव्ह, पुस्तकांच्या पेट्या आणि मांडीवर धरून आणलेला कॅमेरा, सगळं सुखरूप पोचलं. नाशिकहून निघताना आई म्हणत होती, पुस्तकं कमी कर आणि भांडी ने. भांडी आणली नाहीत.

खोली झकास आहे. खाली काळुराम पाटलांचा, म्हणजे सगळ्यांच्या काळुशेठचा, गणपतीचा कारखाना आणि वर मी. जिना कारखान्यातूनच वर येतो. त्यामुळे घरात शिरायचं तर दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर बसलेल्या पांढऱ्याशुभ्र मूर्तींच्या मधून जावं लागतं. अजून रंग नाही, डोळे नाहीत. मी जाता जाता हात जोडले तर काळुशेठ हसले. म्हणाले, "त्यांना आताच कशाला नमस्कार करताव? अजून माती हाय ती. डोळं आल्यावर करा."

मोरीला खिडकी नाही. भाडं ठरवताना ही खोट त्यांनी आधीच सांगून टाकली. मला तर आनंदच झाला. लाल दिवा लावला की झाली डार्करूम.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर संकल्प लिहिण्याचा माझा कॉलेजपासूनचा शिरस्ता आहे. यंदाचे असे. सिगारेट बंद. रोह्याच्या व्याख्यानमालेत बोलायचं, आणि असं बोलायचं की घरी जाऊन लोक जेवताना भांडले पाहिजेत. तिसरा संकल्प मी कोणालाच सांगितलेला नाही: माझा एक तरी फोटो हजार माणसांनी पाहावा. मित्रांनी आणि मावश्यांनी नव्हे. हजार अनोळखी माणसांनी.

गुरुवार, ८ जुलै

सकाळच्या पॅसेंजरने रोहा, संध्याकाळी परत पेण. रोह्याजवळच्या धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी आता कामगार कल्याण अधिकारी. पद भारदस्त आहे. काम म्हणजे कँटीनची डाळ पातळ का, इथपासून शिफ्ट बदलून का मिळत नाही, इथपर्यंत सगळं ऐकून घेणं. ऐकून घेणं मला जमत नाही, बोलणं जमतं. पण कामगार समजूतदार आहेत.

कॉम्प्युटरवर निकेश बसतो, रोह्याशेजारच्या अष्टमी गावचा पोरगा, पंचविशीचा. कंपनीने इंटरनेट घेतलं आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याने मला परदेशातला एक फलक दाखवला. जगभरचे हौशी फोटोग्राफर तिथे फोटो लावतात आणि खाली कोणीही अभिप्राय लिहितं. मी थक्क झालो. माझ्या तिसऱ्या संकल्पाला पाय फुटले!

पण तिथे जे वाचलं त्याने डोकंही तापलं. डोंगराच्या फोटोखाली लिहितात, प्रकाश सुंदर पकडलाय. बाईच्या फोटोखाली जे लिहितात ते मी या वहीत उतरवणार नाही. आपली मराठी मुलंही त्यात होती, इंग्रजी लिपीत आपल्या आयांची भाषा बाटवत होती. मी निकेशला तिथल्या तिथे भाषण दिलं. नाक्यावरच्या टवाळाला निदान तोंड असतं, त्याला बाईने चप्पल दाखवली तर त्याला पळावं लागतं. हा नवा टवाळ खोट्या नावाच्या बुरख्याआडून शीळ घालतो, आणि जिच्याकडे बघून घालतो तिला ती ऐकूसुद्धा येत नाही! निकेशने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, डबा गार झाला."

रविवार, ११ जुलै

आज सगुणाबाई भेटल्या.

कारखान्यात डोळ्यांची आखणी त्या करतात. मूर्ती घडते, रंगते, दागिने चढतात, आणि सगळ्यांत शेवटी डोळे. ते काम इथे पुरुषच करत आले. सगुणा म्हात्रे ही या कारखान्यातली पहिली बाई. धरमतरच्या बाजूच्या मिठागरावर बालपण गेलं, नवरा बार्जवर असतो. हात असा की रेघ एकदा ओढली की ओढली. जीभही तशीच.

त्यांनी कामाची रीत सांगितली. डोळा वाकडा आला तर अख्खा चेहरा धुवायचा, पुन्हा पांढरा करायचा, पण काढलेल्या डोळ्यावर रंग फासून तो बुजवायचा नाही. आणि एक डोळा काढून उठायचं नाही, दुसरा काढूनच हात धुवायचे. शेजारी सोंडा रंगवत बसलेल्या जनीबाईंनी भर घातली. काळुशेठच्या चुलत्याने एकदा घाईत काढलेल्या डोळ्यांवरून काळा हात फिरवला होता. पुढच्या गणपतीपर्यंत म्हाताऱ्याचा उजवा डोळा गेला. बुजवलेला डोळा म्हणे बुजवणाऱ्याकडे डोळा मागायला येतो. काळुशेठ आतून ओरडले, साखर होती म्हाताऱ्याला, साखर! सगळ्या बायका हसल्या.

मी फोटो काढू का विचारलं. सगुणाबाई लगेच तयार. पदर खोचलेलाच राहू दिला, कपाळावरचा रंगाचा ओघळही पुसला नाही. "पण साहेब, डोळं नीट येऊ द्या हां. लग्नाच्या फोटूत माझं डोळं मिटलंत. सासू अजून म्हणते, बघा, पहिल्याच दिवशी झोपली!" आणि खाली नाव टाका म्हणाल्या: सगुणा नारायण म्हात्रे, आखणी. पेपरात दरवर्षी शेठचं नाव येतं, डोळं मी काढते.

मी शब्द दिला.

शुक्रवार, १६ जुलै

रोल धुतला. ट्रेमध्ये कागद हलवत होतो आणि पाण्याखालून आधी तिचे डोळे वर आले, मग बाकीची ती. अंगावर काटा आला. मांडीवर अर्धवट मूर्ती, हातात ब्रश, दंडावर घाम, आणि थेट बघणं. लाजणं नाही, हसणं नाही. कामात असताना कोणी आडवं आलं की माणूस बघतो तसं. मी आजवर काढलेला सर्वांत चांगला फोटो.

प्रिंट दाखवली. सगुणाबाईंनी ती दारातल्या उजेडात नेली. मग जनीबाईंना म्हणाल्या, "बघ गो, ही मीच हाय. आनि मीच माझ्याकडं बघतंय."

एक प्रिंट त्यांना दिली, एक माझ्या भिंतीवर लावली.

सोमवार, १९ जुलै

फोटो फलकावर लावला. निकेशने स्कॅन केला.

लावताना हात अडला. त्या फोटोखाली काय लिहितील ते मला माहीत आहे. लग्न झालेली बाई, लहान गाव. उद्या कोणी ओळखलं तर? वर्तमानपत्रवाले करतात तसं करू म्हटलं, आणि डोळ्यांवर काळी पट्टी टाकली. नावही घातलं नाही. निकेशने विचारलं, सर, त्यांना विचारलंत का? मी म्हणालो, तिच्या भल्यासाठीच आहे, आणि इंटरनेट म्हणजे काय हे समजावायला वेळ कोणाला आहे.

जबाबदारीने वागल्याचं समाधान घेऊन घरी आलो. खालून जाताना सगुणाबाईंनी विचारलं, पेपरात कधी येनार? मी म्हणालो, प्रयत्न चालू आहे.

शुक्रवार, २३ जुलै

बघणाऱ्यांचा आकडा फोटोखाली आपोआप वाढत जातो. तो बघायची चटक लागली आहे. जेवणाची सुट्टी त्यातच जाते.

पहिले अभिप्राय चांगले होते. मग एकाने विचारलं, डोळे झाकले म्हणजे लाजते का? दुसऱ्याने लिहिलं, पट्टी चुकीच्या जागी लावलीस मित्रा, आणि पदर मात्र तसाच ठेवलास. त्याखाली हसण्याची रांग. मी खरमरीत उत्तर लिहायला बसलो. चांगलं मोठं लिहिलं. मग लक्षात आलं, या भांडणामुळेच फोटो फलकाच्या वरच्या ओळीत आला आहे.

उत्तर पाठवलं नाही. फोटोही फलकावरून काढला नाही.

बुधवार, २८ जुलै

फलकावरचे लोक आणखी फोटो मागतात. आज दुसरा लावला. तोच रोल, ती मूर्ती उचलायला वाकली आहे तो. पट्टी टाकूनच लावला.

हजार झाले. तिसरा संकल्प पुरा झाला.

आनंद झाला, हे लिहिलं पाहिजे. खोटं लिहायचं असेल तर वही कशाला? आनंद झाला, आणि त्या आनंदाला वास येत होता.

रविवार, १ ऑगस्ट

कारखान्यात पेढे वाटले. ठाण्याच्या एका मंडळाच्या मोठ्या मूर्तीची आखणी काळुशेठनी सगुणाबाईंना दिली. छताला टेकेल एवढी मूर्ती. आजवर असल्या मूर्तीला बाईचा हात लागलेला नाही. हे जमलं तर पुढल्या वर्षी आखणीचं काम त्यांच्याच नावावर, आणि कारखान्याच्या पाटीवरही त्यांचं नाव. सगुणाबाई म्हणाल्या, "पाटीवर नाव आलं की सासूला पहिली आननार. चष्मा घालून वाच म्हननार."

मग डोळे चोळत म्हणाल्या, चार दिवस झाले, दुपारी डोळ्यांसमोर काजळीची रेघ येते. आडवी. पापणी हलवली की जाते.

मी म्हणालो, टर्पेंटाइनचा वास. खिडक्या उघडत चला.

शुक्रवार, ६ ऑगस्ट

रेघ जात नाही. जनीबाई त्यांना पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत, काही दोष नाही.

दुपारी जास्त होते, म्हणतात. सगळे जेवायला बसतात तेव्हा.

जेवायच्या सुट्टीत मी फलक उघडतो. मी असल्या गोष्टी मानत नाही. मी आयुष्यभर असल्या गोष्टींविरुद्ध बोलत आलो आहे.

रविवार, ८ ऑगस्ट

भिंतीवरची प्रिंट.

ती मी मोरीत माझ्या हाताने केली. तिच्यावर पट्टी नव्हती. ती इंटरनेटवर गेली नाही, स्कॅनसाठी दुसरी वापरली होती. आज सकाळी चहा घेताना बघितलं तर तिच्या डोळ्यांवर करडी सावली. जवळ गेलो. सावली नव्हे. कागदाच्या आतून आल्यासारखा आडवा काळा पट्टा, कडा अजून पुसट.

निगेटिव्ह काढून उजेडात धरली. डोळ्यांच्या जागी फिल्म कोरी. काचेसारखी आरपार. तिथे कधी काही उमटलंच नव्हतं अशी.

खाली सगुणाबाई जनीबाईंना सांगत होत्या की त्यांची प्रिंटसुद्धा काळी पडली, ओल लागली असेल.

मी खिडकी लावून घेतली.

मंगळवार, १० ऑगस्ट

दोन्ही फोटो फलकावरून काढले. काढताना आकडा बघितला. आजही बघितला!

 मग निकेशने एक दुसरं पान उघडून दाखवलं. तिथे तीच. खाली दुसऱ्याचंच नाव, आणि एक ओळ, जी मी लिहिणार नाही. मग आणखी एक पान. ते फोटो उतरवून घेतात, सर, म्हणाला, एकदा गेला की गेला. प्रत्येक पानावर पट्टी थोडी रुंद होती. निकेश म्हणाला, पट्टी कोणी वाढवलेली दिसत नाही. 

गुरुवार, १९ ऑगस्ट

सगुणाबाईंना आता भिंत धरून चालावं लागतं. वरचं दिसतं, खालचं दिसतं, मधे काळं. लहान मूर्तींचे डोळे सवयीने काढतात, मान वर करून, पट्टीच्या खालून बघत. मोठी मूर्ती जमणार नाही हे मात्र कोणालाही कळू देत नाहीत. जनीबाई हातात ब्रश देतात, रंग कुठला ते कानात सांगतात.

सांगितलं पाहिजे. रविवारी रोह्याला व्याख्यान आहे. पत्रकं वाटून झाली. आधी ते होऊ दे. विषय: बाईकडे पाहण्याची नजर.

रविवारनंतर लगेच.

रविवार, २२ ऑगस्ट

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत बायका. मी उभा राहिलो आणि पहिल्या वाक्यालाच टाळी पडली.

इंटरनेटवर बोललो. म्हणालो, यंत्र नवं आहे, नजर जुनीच आहे. म्हणालो, जो पुरुष बाईला तिची नजर परत देत नाही, तो तिला माती समजतो —

तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलीच्या डोळ्यांवर पट्टी आली. काळी, सरळ, कडा धारदार. मग तिच्या शेजारणीच्या. मग सबंध रांग. दिवा मालवत जावा तशी मागच्या रांगांपर्यंत. एकही डोळा नाही. नुसती तोंडं, आणि ती माझ्याकडे वळलेली.

मी थांबलो नाही. हे लिहितो आहे म्हणजे नोंद राहील: मी थांबलो नाही. त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि माझं आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. माना हलवून, डोळ्यांशिवाय.

बाहेर उजेडात सगळ्या नेहमीसारख्या. एका बाईने वाकून नमस्कार केला.

मंगळवार, २४ ऑगस्ट

कामावर गेलो नाही. जिन्याखाली मूर्ती. रंगल्या आहेत, डोळे राहिलेत. रांगाच्या रांगा राहिल्यात, सगुणाबाईंच्या हाताला वेग नाही.

काल सगळ्या मूर्ती समोर, दाराकडे तोंड करून होत्या. आज जिन्याकडे. काळुशेठ म्हणतात कोणी हलवल्या नाहीत.

भिंतीवरची प्रिंट उलटी करून ठेवली. मागच्या कोऱ्या बाजूवरही पट्टी.

रविवार, २९ ऑगस्ट

मोठी मूर्ती.

सगुणाबाई शिडीवर चढल्या, जनीबाईंनी ती धरली. सगळा कारखाना बघत होता. ब्रश उचलला, आणि जागाच सापडेना. हवेत. तीनदा गालाला टेकला. मग त्या तिथेच शिडीवर बसल्या. रडल्या नाहीत. खाली न बघता म्हणाल्या, "शेठ, मला दिसत नाय."

काळुशेठनी त्यांना कोणाचा शब्द लागू दिला नाही. बाहेर जाऊन बसले. मुंबईहून आखणीवाला बोलावलाय, शुक्रवारी येईल. शुक्रवारी दुपारीच मूर्ती ठाण्याला निघते. पाटी रंगवणाऱ्याला उद्या येऊ नको म्हणून निरोप गेला.

मी जिन्यात उभा. तसाच वर आलो.

मंगळवार, ३१ ऑगस्ट

सांगितलं.

भरदुपारी, सगळे जेवायला गेल्यावर. वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं. किती जनांनी बघितला? माहीत नाही. काय लिवलं? वाईटसाईट, मी म्हणालो. म्हणाल्या, सांगा ना, तुमी तर भाषन करताव. मग सांगितलं. एकेक. माझ्या तोंडून तो प्रत्येक शब्द, त्यांच्यासमोर. त्या मान खाली न घालता ऐकत राहिल्या.

मी म्हणालो, पट्टी तुमच्या भल्यासाठी टाकली. त्या म्हणाल्या, "मी काय सांगितलं होतं? डोळं येऊ द्या. नाव टाका. दोनच गोष्टी. मी बघितलं असतं ना त्यांच्याकडं, तर एकाची तरी छाती झाली असती का असं लिवायची?"

नसती झाली. त्या फोटोतल्या डोळ्यांसमोर कोणाची झाली नसती. मी तिला झाकली नाही, मी बघणाऱ्यांना झाकलं. त्यांच्यात पहिला मी. मोरीत त्या डोळ्यांनी माझ्या अंगावर काटा आणला होता. मला तो फोटो हवा होता, ती नजर नको होती.

सगुणाबाई म्हणाल्या, भिंतीवरचा फोटू खाली आना. डोळं मी काढते.

बुधवार, १ सप्टेंबर

दुपार. प्रिंट पाटावर चिकटवली. मी समोर बसलो. जागा दिसत नाही तर माप कुठून घेणार, मी विचारलं. म्हणाल्या, समोरच्या तोंडावरून. माझी डावी पापणी अंगठ्याने चाचपली. मिठागरावरच्या बाईचा अंगठा, खरखरीत, थंड. मग ब्रश पट्टीवर. पांढरं. कड. बुबुळ —

बुबुळाचा ठिपका पडला आणि माझा डावा डोळा गेला. दुखलं नाही. फुंकर मारल्यासारखं.

सगुणाबाई म्हणाल्या, खिडकीची अर्धी चौकट दिसली. पांढरी हाय. काय सुंदर हाय. आणि उजव्या पापणीकडे हात आणला.

मी उठलो. पाणी आणतो म्हणालो. वर आलो. कडी लावली.

तेव्हापासून वरच आहे. एका डोळ्याने लिहितोय, ओळी चढतायत. बॅग भरली आहे. कॅमेरा घेतला नाही. स्टेशन जवळ आहे.

खालून हाक. रागाची नाही. "साहेब, दुसरा राहिला."

गुरुवार, २ सप्टेंबर. सकाळ

गेलो नाही. जिना उतरलो होतो. मूर्तींच्या मधून. दारात सगुणाबाई तशाच बसलेल्या, पाट समोर, हात धुतलेले नाहीत. रात्रभर रंगाचे हात. जेवल्याही नाहीत. एक डोळा काढून उठायचं नाही.

जनीबाई म्हणाल्या, जा साहेब, ती काय धरून ठेवत नाय तुमाला. सगुणाबाईंनी मान हलवली. खरंच. दार उघडं होतं.

बॅग तिथेच ठेवली.

एका डोळ्यावर त्यांना मोठी मूर्ती जमणार नाही. दोन हवेत. उद्या शुक्रवार.

आईला कसं —

निकेशला चिठ्ठी लिहिली. फोटो पुन्हा लाव. त्या आता करतील ती प्रिंट, डोळ्यांसकट. खाली नाव: सगुणा नारायण म्हात्रे, आखणी. त्याखाली माझं नाव, मी काय केलं ते. सगळीकडे लाव.

संकल्पांचं पान फाडलं.

दुपार

पाटासमोर. वही मांडीवर. त्या म्हणाल्या लिवा, दिसतं तवर लिवा.

अंगठा उजव्या पापणीवर. थंड. टर्पेंटाइनचा वास.

फोटोतला एक डोळा उघडा. बघतोय. तसाच, थेट. मी नजर वळवत नाही. आज पहिल्यांदा.

ब्रश टेकला. पांढरं —

कड —

त्यांच्या मागे फळीवर मूर्ती — डोळे नाहीत — नाही, आहेत — सगळ्यांना आहेत, सगळ्या इकडे —

काळा ब्रश. ठिपका अजून —

भीती वाटते. लिहितोय. हात त्यांचा हलत नाही. ठिपका पडला. अंधार —

हसल्या. म्हणतात खिडकी पुरी दिसली. म्हणतात जने, बघ गो, रंग दिसला. म्हणतात साहेब, इकडं करा तोंड, बघू तुमाला — म्हणतात, अवो साहेब, तुमच्या डोळ्यांवर तर ही काळी